जेवणाआधीची डोकेदुखी

सोमवार, दि. ३
चि. खारूताईस आजीचे अनेक आशीर्वाद.
पत्रास कारण की, तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून कळवते. दात तीन, जीभ शाबूत. लिहिते आहे शेजारची शिंपीण. अक्षराला टाके पडले असतील तर तिला बोल.
चष्म्याच्या काचा तपासायचं काम लागलं, त्यावर तू चार पानं लिहिलीस. खोली आली, खिडकी आली, घरमालकिणीचं मांजरसुद्धा आलं. जेवणाआधी प्रार्थना करतेस का, तेवढं राहिलं. इथे तर रस्त्यापर्यंत ऐकू जायची.
लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
आजी

शनिवार, दि. ८
ती. आजीस, प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.
दुखतं तिथेच बोट ठेवलंस. पहिल्या दिवशी जेवताना हात जोडले, तर सुपरवायझर बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, की कॅन्टीनच्या स्वयंपाकाची एवढी भीती वाटते का. टेबल हसलं. दुसऱ्या दिवसापासून मी कपाळ दाबून डोळे मिटते आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणते. सगळ्यांना वाटलं, डोकं दुखतं. शेजारी बसणारी ताई रोज एक गोळी देते. मी खिशात टाकते. पंधरा झाल्या.
काळजीपोटी तिने ते बाईंना सांगितलं. रोज डोकं दुखणाऱ्याला काचा तपासायला ठेवत नाहीत. शुक्रवारी डॉक्टर तपासणार. दुखतं म्हटलं तर नोकरी जाईल. नाही म्हटलं तर सोंग उघडं पडेल, त्याच टेबलावर. अजून मी कायम झालेले नाही. काय करू?
लोभ असू दे. सध्या त्याची फार गरज आहे.
तुझी खारूताई

मंगळवार, दि. ११
चि. खारूताईस आशीर्वाद.
शिंपिणीने पत्र दोनदा वाचलं.
देव काय चोरून खायचा पदार्थ आहे गं? पण बोलायला मलाही तोंड नाही. चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं गीतांचं पुस्तक उघडून उभी राहायचे, वाचता येतं असं दाखवायला. एकदा पाळकबाईंनी मुकाट्याने येऊन ते उलटं पुस्तक सुलट करून दिलं. मागची अख्खी रांग हसली. पुढच्या रविवारी पुस्तक बाकावर ठेवलं अन् घसा मोकळा सोडला. लाज एका दिवसात सरते, लेकी. सोंग मात्र रोज नव्याने वठवावं लागतं.
डॉक्टरच्या आधी त्या ताईला गाठ. गोळ्या परत दे, माफी माग. फसवलंस तिला, देवाला नव्हे. मग हात जोड. नोकरी गेली तर घरी ये. तीन दातांचं माणूस फार खात नाही, तुला उरेल.
आजी

शनिवार, दि. १५
ती. आजीस सलाम.
गुरुवारी टेबलावर गोळ्या ठेवल्या आणि खरं सांगितलं. ताई ताट उचलून दुसरीकडे गेली. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. मी एकटीने हात जोडले. प्रार्थना मोठ्याने म्हटली; पुढच्या टेबलापर्यंत ऐकू गेली.
डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठणठणीत निघाले. खोटं वागले म्हणून बाईंनी मला कायम करणं महिनाभर लांबवलं. शुक्रवारी ताई परत शेजारी बसली.  मी डोळे उघडेपर्यंत तिने चमचा उचलला नाही.
खारूताई

बुधवार, दि. १९
चि. खारूताईस पोटभर आशीर्वाद.
बाईंनी बरोबर केलं. मी दोन महिने लांबवलं असतं. शिंपिणीच्या डोळ्यात म्हणे कचरा गेला. गोळी देऊ का, असं विचारलं तिला.
आता सल्ल्याची फी म्हणून माझ्यासाठी केक पाठव, मऊसा, बदामाशिवाय. पण पहिला तुकडा कापून त्या सुपरवायझर बाईंच्या ताटात वाढ. केक कापलेला पोचला, तरच मी खाईन.
आजी