बोगनवेल काढायचे हातमोजे

कोराडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. गुणवंतास अ. उ. आ.

तू आन् कामिनी खुशाल असाल. फोन करत नाही म्हणून रागावू नको. फोन लावला की रडू येते आन् सांगायचं राहून जाते, म्हणून लिहून राहिली.

हे गेले त्याले तीन महिने झाले. कॉलनीच्या ऑफिसनं महिनाअखेर क्वार्टर खाली मागितलं आहे, आवारही साफ करून द्या म्हणतात. भिंतीवरची बोगनवेल तुले माहीत आहे. ड्यूटीवरून आले की हे तिच्यातच रमत. माळी लावून ती तोडवणं माह्या जिवाले पटत नाही, मीच काढीन. पण शुगरमुळं डॉक्टर म्हणतात, हाताले ओरखडासुद्धा नको, जखम चिघळली तर हात जाईल. तू हार्डवेअरच्या दुकानात कामाले, तुले ठाऊक असंल. काटा आत येणार नाही असे स्वस्तातले हातमोजे पाठव. भारीचे घेशील तर परत पाठवीन.

लोभ आहेच, आता जरा जास्त ठेव.

तुझी ताई,
प्रेमिला


लकडगंज
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. प्रेमिलाताईस सा. न. वि. वि.

फोनवर रडलीस तरी चालते वं, मी धरून राहीन.

मोज्यांचं ऐक. सुती तर कामाचेच नाहीत. तळव्याले रबर लावलेले पन्नास-साठले येतात, पकड चांगली, पण पाठीकडून नुसतं कापड; बोगनवेल तिथूनच टोचते. म्हणून वेल्डिंगवाले घेतात ते चामड्याचे पाठवून राहिलो, कोपरापर्यंत येतात. एकशे ऐंशीचे आहेत, परत पाठवायची धमकी देऊ नको. बायकांच्या मापाचे मिळाले नाहीत. बोटं ढिली होतील, मनगटाले दोरी बांध आन् शेवटची फांदी पडेपर्यंत काढू नको.

खरं म्हणजे तेवीसच्या रविवारपर्यंत थांब. दुकानात स्टॉक मोजणं चालू आहे, ते झालं की करवत घेऊन येतो. रुपराव भाऊजींच्या आजारपणात मी दोनदाच आलो. ते मले खात राहते.

कामिनीचा नमस्कार. माया कमी करू नको.

तुझा गुणवंत


कोराडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. गुणवंतास अ. उ. आ.

पार्सलवर सवयीनं तू ‘सौ.’ लिहिलंस. मी खोडलं नाही. पोस्टमननं मोठ्यानं वाचलं, तर बरं वाटलं.

मोजे झकास आहेत. दोन दिवसांत अर्धी वेल उतरवली, एक काटा लागला नाही. मग भिंतीजवळच्या जुन्या फांद्या आल्या. ह्यायनं एकेक फांदी खिळ्याले बांधली होती, माह्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी. भूमिकाच्या बारशाची पोपटी साडीही त्यात निघाली. मी ती घरभर शोधली होती, आन् हे शोधू लागले होते माह्यासंगं. चोर कुठले.

कैची हातातच होती, पण ह्यायच्या हातच्या गाठी मले कापवल्या नाहीत. ढिल्या मोज्यांनी गाठ सुटंना, म्हणून काढून ठेवले. अकरा सोडल्या. बारावीले काटा उजव्या तर्जनीत मोडला. चार दिवस कोणाले बोलली नाही. आता बोट काळं पडून राहिलं आहे. तू सांगूनही मी थांबली नाही, चूक माहीच. भूमिकाले कळवू नको, तिचं लेकरू लहान आहे.

रविवारी करवत नसली तरी चालंल, तू ये.

तुझी ताई,
प्रेमिला


कन्हान
३ मार्च २०२५

ती. गुणवंतमामांस सा. न. वि. वि.

आईला काल माझ्याकडे आणलं. बोट गेलं, पण हात वाचला. डाव्या हातानं जेवते, भरवू देत नाही. दवाखान्यात तुम्ही सारखं म्हणत होता, मापाचे मोजे शोधायला पाहिजे होते. तुमचा काही दोष नाही, मामा.

शुक्रवारी मी क्वार्टरची किल्ली द्यायला गेले. उरलेल्या गाठी हातानंच सोड, पण मोजे काढू नको, असं आईनं बजावलं होतं. तासभर बसले. मोज्यांनी एकही गाठ सुटेना, आणि मोजे काढायची हिंमत झाली नाही. दुपारी ऑफिसचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी कैची घेतली आणि साऱ्या कापल्या. बाबांनी बांधलेल्या होत्या. फार रडले.

आईनं विचारलं, सुटल्या काय. मी हो म्हटलं. तिचा चेहरा किती दिवसांनी निवळला.

आज सकाळपासून ती चिंध्या पाहायला मागते आहे. मामा, मी तिला काय दाखवू?

तुमची माया पाठीशी असू द्या.

आपली,
भूमिका