भिंतीवरची गेरूची बोटं

नागपूर, ९ जानेवारी १९३८

ती. सोजरबाईस धाकट्या जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं. तू विळा तापवून दिलेला डाग पाहून इतकंच म्हणाले, की पोटात डावीकडे वाढलेली ही पानथरी हिवतापाची नाही, डागून जायची नाही. दुखणं रक्तात आहे. बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि भिंगाखाली त्यातले कण मोजले. एक लाख नव्वद हजार भरले. सोमलाचे थेंब पाण्यातून घ्यायला दिलेत. दर महिन्याला मोजणी होईल. तुझ्या भावजयीला, विजयमालेला सांग, मी पोटभर जेवतो.

आशीर्वाद असू द्यावा.

जगदेव

केनवड, १४ फेब्रुवारी

चि. जगदेवास बाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुहं कार्ड भेटलं. तीन लाख दहा हजार! आरे, महिन्यात एवढं रक्त वाढलं अन् तू एका ओळीत लिहून मोकळा झाला? मास्तर झाला पन कंजूषच राह्यला. मी चुलीमागच्या भिंतीवर दर दहा हजाराले गेरूचं एक बोट उठवून राह्यली. पह्यले एकोणीस व्हते, आता एकतीस. तुही विजयमाला भाकरी थापता थापता मोजते. लय दिसानं हासली बापा. मी घरोघरी गूळ वाटला. तुह्यासाठी एक खडा आपल्या शेजारच्या मारोतरावाच्या हाती धाडला, खाजो. डाग देला म्हनून रुसला व्हता ना? त्यानंच गुन आला. असंच वाढू दे.

माया हायेच, तू पत्र टाकत जाय.

सोजरबाई

नागपूर, २ मार्च

दोस्त रऊफभाईंस जगदेवचा सलाम.

रिसोडात तुझ्या घड्याळाच्या दुकानात बसून बोललो असतो, पण ते होणं नाही. तुले एकट्याले सांगतो. ते कण पांढरे आहेत. निरोगी माणसात सहा-आठ हजार असतात. जास्त झाले, तेच माझं दुखणं. बाईला वाटतं रक्त वाढलं. खरं लिहायला तीनदा कागद घेतला. शेवटी तिनं धाडलेला गूळ खाल्ला आणि 'गोड होता' एवढंच लिहिलं. काहून लिहिलं, माहीत नाही. भीती वाटत नाही, रडूही येत नाही. पोरांकडून पाढे म्हणवून घेताना वाटायचं तसंच वाटतं.

मुंबईला या दुखण्याचे जाणकार डॉक्टर आहेत. पानथरीवर बिजलीच्या एक्स-रे यंत्राचा शेक देतात, त्यानं आकडा उतरतो. बरं होत नाही. दोन-चार वर्षं मिळतात. परवा निघतो.

दोस्ती ठेव. पत्र चुलीत घाल.

जगदेव

केनवड, १८ एप्रिल

चि. जगदेवास आशीर्वाद.

तीसच हजार? एकतीस बोटांतले तीन राह्यले! काय जाळून राह्यली रे ते बिजली तुह्या अंगात? अठ्ठावीस बोटं म्या ह्या हातानं पुसले. विजयमाला परवापासून अन्नाले शिवली नाई. बस झाले ते शेक. मारोतरावाले धाडून राह्यली, त्याच्यासंगं निघून ये. माय मेली तवा तू चार वर्साचा व्हता, मी तुले वाढवलं. माही आन हाये तुले. नाई आला तर माहं तोंड पाहू नोको.

वाट पाहून राह्यली.

सोजरबाई

मुंबई, १२ मे

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

मारोतराव आला. मी वळकटी बांधली. तुझी आण मोडायची नव्हती आणि खरंही सांगायचं नव्हतं. अकोल्यापर्यंत आलो, तिथे ताप चढला. मारोतरावाच्या साडूकडे सोळा दिवस पडून होतो. खबर लागून रिसोडहून रऊफभाई भेटायला आला. माझं पत्र त्यानं चुलीत घातलंच नव्हतं. मारोतरावाला वाचून दाखवलं. मारोतराव मला धरून परत इथे घेऊन आला.

आता तुलाही लिहितो. बाई, तो आकडा वाढला की दुखणं वाढतं, उतरला की उतार पडतो. निरोगी माणसाला तुझं एक बोटही भरत नाही. मधे शेक चुकले, आता पन्नास हजार आहेत. उद्यापासून पुन्हा शेक. तुले फसवलं मी. तुम्हा दोघींचं हसू मोडवेना.

रागावलीस तरी आपला म्हण.

जगदेव

केनवड, २१ मे

चि. जगदेवास आशीर्वाद.

पत्र वाचलं, विजयमालेले वाचून दाखवलं. दोघींनी भाकरी थापल्या, कोनीच खाल्ल्या नाई. मले रडूबी आलं नाई. तुह्या दुखन्याचा गूळ म्या गावभर वाटला रे, अन् तुलेबी खाऊ घातला. लोक अजून इचारतात, मास्तरचं रक्त कितीवर गेलं? मी सांगते, उतरून राह्यलं. ते हळहळतात. हळहळू दे.

विजयमालेनं सांगतलं हाये, दुखन्यातून उठल्याबिगर घरी याचं नाव काढू नोका. मोजनी झाली की आकडा लिहीत जाय, खरा लिही. भिंतीवर आज पाच बोटं हायेत. त्यातले तीन देवानं देले, दोन माह्या आनेनं चढले. माहे दोन पह्यले उतरव.

शेक चुकवू नोको.

तुही,
सोजरबाई