बाळूची चार बोटं

११ जाने.
थ्रीडी प्रिंटरवर मापाचा ठोकळा पुन्हा छापला. वीस मि.मी.चा. उभा बरोबर आला, आडवा वीस पॉइंट चार. म्हणजे प्रिंटर एकाच बाजूला घसरतोय. भोकं गोल न येता लांबट येतात, त्यात बोटांच्या सांध्याची पिन अडकते.
दुपारी चुलतभाऊ बाळू दुकानात आला. त्याच्यासाठी छापलेला पंजा उजव्या हातावर चढवला, मनगट वाकवलं. तीन बोटं मिटली, चौथं अडकलं आणि त्याची कड तुटल्या बोटाच्या खुंटात घुसली. रक्त. त्यानं पंजा काढून भिंतीवर हाणला.
"तुझ्या भावानं तोडली, आन् आता तू सोलायलीस व्हय शिल्पे?"
फरशी पुसली.

१३ जाने.
एकदा लिहून टाकते.
बांधावरच्या लिंबाच्या फांद्या बाळूनं छाटल्या, एवढंच. दादा कोयता घेऊन धावला. बाळूनं डोकं वाचवायला हात वर केला. अंगठा राहिला, चार बोटं गेली. चिखलातून मी तीन वेचली. चौथं सापडलंच नाही. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, डबा मांडीवर ठेवून आमच्या तेर गावाहून थेट सोलापूर. डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाहीत.
पोलिसांना मी सांगितलं, मी घरात होते. आई पाया पडली होती माझ्या. एकच भाऊ आहे तुला, म्हणाली.

१८ जाने.
लेथवाले उस्मानचाचा स्वतः बारीक फरक मोजायचं डायल गेज घेऊन आले. छपाईचं डोकं हातानं ढकलून बघितलं. "पट्ट्याला काय झालं नाय बेटा. पुली सैल हाय. शाफ्टवर फिरायली बघ." महिनाभर मी पट्टाच ताणत बसले होते! स्क्रू आवळला, मशीन शहाबादी फरशीवर बोल्टनं घट्ट बसवलं. ठोकळा: वीस पॉइंट शून्य पाच. चाचांनी पैसे तर नाहीच, चहासुद्धा घेतला नाही. कुणासाठी चाललंय ते त्यांना माहीत आहे.

२० जाने.
दादा चोरून दुकानात आला. जामिनावर आहे, तेरमध्ये यायची बंदी, म्हणून नळदुर्गला मामाकडं असतो. आल्या आल्या माझ्या कानाखाली.
"त्याला हात करून देतीस? त्याच हातानं उद्या माझा गळा धरंल त्यो."
मशीन चालू होतं. अर्धं झालेलं बोट उपटायला गेला, तापलेल्या टोकाला हात लागला, ओरडला, आणि लाथ घातली. मशीन वाकडं. मी पाना उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. दोनदा. लहानपणापासून त्याचाच मार खाल्ला, उलटा हात कधी उचलला नव्हता. तिसऱ्यांदा हाणायच्या आत तो बाहेर पडला.
वाईट वाटत नाहीये, त्याचीच भीती वाटते.

२६ जाने.
पाच दिवस नुसती चौकट काटकोनात आणण्यात गेले. दोन्ही कर्ण मोजायचे, स्क्रू सोडायचा, आवळायचा, पुन्हा मोजायचे. आता दोन्हीकडं वीसला वीस. भोकं गोल. पिन बोटानं ढकलली तरी सरकते.
बाळू आणि त्याची बायको सुरेखावहिनी आले. पंजा बसला. बाळूनं पाण्याचा स्टीलचा पेला उचलला, प्याला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. वहिनी तोंड फिरवून उभी.
मग त्यानं माझं मनगट धरलं.
"जबाबात काय लिवलंस?"
"घरात होते."
"घरात व्हतीस?" पकड आवळत गेली. मला सोडवता येईना. वहिनी मधी पडली, तिला त्यानं डाव्या हातानं ढकललं, ती टेबलावर आपटली. मग सोडलं. पंजा घालूनच गेला.

२ फेब्रु.
आईचा फोन. नळदुर्गच्या धाब्यावर बाळूनं दादाला गाठलं. पंजात लोखंडी गज धरला होता. जबडा मोडला, एक डोळा जाईल म्हणतात. छापलेली दोन बोटं तुटेपर्यंत मारत होता. बाळू कोठडीत. पंजा पोलिसांनी जप्त केला.
सोलापूरला जाऊन आले. दादाला बोलता येत नाही. कागद मागितला. लिहिलं, "तू केलंस."
आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

९ फेब्रु.
सुरेखावहिनी एकटीच आली. बाळूचा जामीन होईल म्हणे या आठवड्यात.
"ताई, दुसरा पंजा करून द्या."
"कशाला?"
"जेवायला. डाव्या हातानं खाताना पोरीपुढं लाजतेत. ताटावरनं उठून जातेत."
मी म्हटलं, त्यानं पुन्हा गज धरला तर?
तिनं पदर सरकवून कान दाखवला. सुजून काळा पडलेला. "धाब्यावर जायच्या आदल्या दिशी. त्याच पंजानं."
"तरी पायजे?"
"पायजे."
विचार करून सांगते म्हटलं आणि वही उघडली. ती उठली नाही. स्टुलावर बसलीय अजून, मशीनकडं बघत. मी हे लिहितेय.