बर्नीचं न झालेलं लग्न

११ जानेवारी, बुधवार

बर्नीचं नाव कालही निघालं नाही.

हेल्मेटात चिठ्ठ्या ढीगभर, निघतात दहाच. पोलाद कारखाना बंद पडला तेव्हा कुणीतरी आणून दिलेलं ते पिवळं हेल्मेट. पिट्सबर्गमधल्या आमच्या ब्लूमफील्ड वस्तीतल्या बारमागच्या खोलीत त्यातून आता दर महिन्याला माणसांची नशिबं निघतात. नाव निघालं की उठायचं, माइकपाशी जायचं आणि स्वतःच्या आयुष्यात घडलेली खरी गोष्ट सांगायची. कागद नाही. पाच मिनिटं. पाच झाली की कोपऱ्यातून स्टॅन अ‍ॅकॉर्डियनचा एक लांब सूर काढतो. तरीही बोलत राहिलात तर पोल्का, म्हणजे नाचाची दणदणीत धून, सुरू करतो, आणि पोल्क्यापुढे बृहस्पतीचंही काही चालत नाही.

बर्नी म्हणजे बर्नडेट हुदाक. आमच्याच रस्त्यावरची, जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. ऑक्टोबरपासून न चुकता चिठ्ठी टाकते. तिला तिच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगायची आहे. अडचण एवढीच की ती गोष्ट अर्ध्या पिट्सबर्गला पाठ आहे! धाकटी बहीण लोरेटा ती कित्येक वर्षं सांगते — त्याच खोलीत, त्याच माइकवर. रेडिओवरही लागली. नवरामुलगा रे झुरिक ऐन वेळी पळाला. नवरी पांढऱ्या झग्यात बिस्किटांच्या टेबलाशी बसली आणि तबकांमागून तबकं फस्त करत राहिली. “आणि मी मागे उभी, तिच्या डोक्यावरची जाळी क्रीममध्ये बुडू नये म्हणून धरून.” इथे टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात.

१५ जानेवारी, रविवार

बर्नीच्या स्वयंपाकघरात सराव. कार्यक्रमात नवशिक्यांना गोष्ट बसवून द्यायचं काम माझं. (संस्कृतात एम. ए. केल्याचा पिट्सबर्गला झालेला हा एकमेव फायदा.)

पहिलंच वाक्य: “लोरेटा तिथे नव्हतीच.”

म्हटलं, नव्हती म्हणजे?

“कांजिण्या आल्या होत्या तिला. घरी झोपली होती. अंगभर गुलाबी औषध.”

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्याकडे नियम एकच — प्रत्यक्ष. ऐकीव चालत नाही. आणि आमच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीला प्रमाण निघालं ते शब्दप्रमाण! बरं, लोरेटा खोटारडी नाही. इथे नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात — गोष्टीत तू कुठे आहेस? बिचारीने जागा शोधली, जाळी धरून उभी राहिली, आणि दर वेळी थोडी अधिक घट्ट धरत गेली.

विचारलं, मग बहिणीचं पितळ उघडं पाडायचंय का? बर्नी म्हणाली, “नाही रे. लोरेटाचं मला काही नाही. पण खरं काय झालं ते त्याच माणसांपुढे, त्याच माइकवरून जायला हवं. तिथूनच तर पसरलं.”

गोष्ट तिने लग्नाच्या हॉलच्या दारापर्यंत सांगितली आणि थांबली. पुढचं तिथेच सांगणार म्हणे. म्हटलं, अगं, मला न सांगता मी बसवू कशी? “अर्धी बसव,” म्हणाली. “उरलेली माझी मी बसवते.”

१५ फेब्रुवारी, बुधवार

कालचा विषय प्रेम. तारीखच तशी. हेल्मेटातून नाव निघालं लोरेटाचं. तिने काय सांगितलं हे लिहायला नकोच.

सांगते मात्र अप्रतिम, हे मान्य करावं लागतं. सुरुवातीलाच बिस्किटांचा पाढा — लेडी लॉक, पिझेल, अक्रोडाच्या गुंडाळ्या, जर्दाळूची कोलाची. महिनाभर आत्या-मावश्या भट्टीसमोर उभ्या; इथल्या लग्नात केक नावापुरता, खरी इज्जत त्या टेबलाची. मग प्रेक्षक ज्याची वाट पाहत असतात ते येतं: “पळपुट्या रे!” सगळी खोली तिच्याबरोबर ओरडते. सूत्रधाराच्या आधी प्रेक्षकांनीच नांदी म्हणावी तसं.

बर्नी मागच्या रांगेत शेंगदाणे सोलत बसली होती. झग्यावर हसले, तिच्या खाण्यावर हसले — ही सोलतेच आहे. “पळपुट्या रे” आलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला. तेवढाच.

कार्यक्रम संपल्यावर सूत्रसंचालक ओडेल तिच्याजवळ आला. म्हणाला, बर्नी, पुढच्या महिन्यात तुला पाहुणी म्हणून बोलावतो, चिठ्ठीबिठ्ठी काही नको. भला माणूस. तिने शेंगदाणे त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, “लोरेटा हेल्मेटातून निघाली. मीही हेल्मेटातूनच निघेन. मागच्या दाराने आले तर लोक माझी कीव करत ऐकतील. कीव नकोय मला, कान हवेत.”

१६ फेब्रुवारी

बर्नीचा फोन: “फार लांबते म्हणालास ना? निम्मी केलीय. आत्या काढून टाकल्या.”

४ मार्च, शनिवार

लोरेटा घरी आली. सोबत अक्रोडाची गुंडाळी — म्हणजे काम अवघड.

“व्हिड, ती काय सांगणार आहे?” (विद्याधर हे नाव इथे पहिल्या हिवाळ्यातच गारठून एवढंसं झालं.)

म्हटलं, तिचं लग्न.

“पण ते तर मी सांगते.”

इतक्या निरागसपणे म्हणाली की मला हसताही येईना. गुंडाळी कापता कापता मी हळूच विचारलं, तू होतीस का गं तिथे? तिला रागसुद्धा आला नाही, नुसतं आश्चर्य वाटलं. जाळीला स्टार्चचा वास कसा येत होता ते तिने सांगितलं. बोटाला टाचणी टोचली ती जागा दाखवली. मी त्या बोटाकडे नीट पाहिलं. व्रण आहे.

श्रुती आणि स्मृती यांच्यात विरोध आला तर श्रुती श्रेष्ठ, असं गुरुजींनी शिकवलं होतं. पिट्सबर्गमध्येही तेच. रेडिओवर जे ऐकलं ते श्रेष्ठ.

जाताना दारात म्हणाली, “माझ्याकडे ही एकच चांगली गोष्ट आहे, व्हिड. बाकी सगळं आयुष्य दाताच्या दवाखान्यात फोन घेण्यात गेलं.”

पुण्याच्या एका साप्ताहिकात मी इथलं पत्र लिहितो, त्यात हे घालायचं नाही. इथेच राहू दे.

१५ मार्च, बुधवार

बर्फ. निम्मी खोली रिकामी. चिठ्ठ्या कमी, म्हणून मला वाटलं आता नक्की. दहावं नाव निघालं ते स्टॅनच्या मेव्हण्याचं. तो मासेमारीवर बोलला. पोल्का लागेपर्यंत मासा काही गळाला लागला नाही.

बर्नीने कोट चढवला. म्हटलं, वाईट वाटतंय का? “छे. साडेपाचावर आलीय. निघालं असतं तर स्टॅनने मला कापली असती. अजून एक महिना मिळाला.”

१२ एप्रिल, बुधवार

निघालं! सातवं.

ओडेलने चिठ्ठी उघडली, नाव वाचण्याआधी एकदा पहिल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे लोरेटा. मग म्हणाला, “बर्नडेट हुदाक.” बर्नी उठली. बसमधून उतरायच्या आधी मागे वळून पोरं मोजायची तशी तिने खोली एकदा पाहून घेतली आणि चालू लागली.

झगा आईने शिवलेला. काखेत काचणारा. हे मी बसवलेलं, ते नीट पार पडलं. मग ती दारापाशी पोचली, आणि तिथून पुढे मीही इतरांसारखाच श्रोता.

चर्चला निघायच्या आधी हॉलमध्ये टेबल बघायला ती एकटीच गेली होती. रे तिथे आधीच उभा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बिस्किटांकडे. आणि तिच्या तोंडून निघून गेलं की मला हे लग्न करायचं नाही. रे वाईट नव्हता. पण लग्न झालं तर ती जन्मभर आईच्या रस्त्यावर, आईच्या नजरेसमोर राहणार होती, आणि तिला बस चालवायची होती, ओहायो पाहायचं होतं.

कुणीतरी “ओहायो” म्हणून हसलं; इथून तासाभरावरचं शेजारचं राज्य ते. बर्नीने थांबून त्याला हसू दिलं.

मग म्हणाली, “मी रडायला लागले. म्हटलं, आई मला मारून टाकेल, महिनाभर भाजतेय ती. रे म्हणाला, मग मी पळालो म्हणून सांग. तुला हे लोक खाऊ घालतील. मी दूर एरी शहरात निघून जातो; मला फार तर शिव्या देतील, त्या तिथपर्यंत ऐकू येत नाहीत. आणि मागच्या दाराने गेला.”

मग माइकच्या आणखी जवळ सरकून म्हणाली,

“पण रेडिओ एरीपर्यंत ऐकू येतो.”

स्टॅनचा सूर आला. लांब, पूर्ण. नियम म्हणजे नियम. तिने तो संपू दिला. त्यानंतर दोनच वाक्यं: “तो पळपुटा नव्हता. मी त्याला पाठवलं, आणि तो माझ्यासाठी गेला.”

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा पहिल्या टेबलावरून आल्या नाहीत. लोरेटा हाताच्या बोटाकडे बघत बसली होती. बर्नी परत येताना तिच्यापाशी थांबली. लोरेटाने विचारलं, अगदी हळू, “मग मी कुठे होते?”

“घरी. मी तुझ्यासाठी बश्या भरून आणल्या होत्या. तुला काही गिळवेना, तरी सगळं खाल्लंस, आणि मी बाजूला बसून तुझं डोकं धरलं.”

लोरेटाने खुर्ची सरकवली. बर्नी बसली. बाकीच्या तीन गोष्टी दोघींनी एकाच टेबलावरून ऐकल्या. मला त्यातली एकही आठवत नाही.

१७ एप्रिल

रेडिओवाल्यांना बर्नीची गोष्ट हवी आहे. तिचा एकच प्रश्न: एरीला लागते ना?

६ मे, शनिवार

लागली. बर्नी दिवसभर खिडकीशी. फोन कुणाचा नाही. संध्याकाळी लोरेटा येऊन भांडी घासून गेली.

९ मे, मंगळवार

कार्यक्रमाचा फोन माझ्याकडे असतो. सकाळी एक म्हातारा, घोगरा आवाज: “रे झुरिक बोलतोय, एरीहून.” बर्नीने सांगितलं ते छान, म्हणाला, शब्द न् शब्द बरोबर. फक्त एक गोष्ट तिला माहीत नाही. पळून जायचं त्याला त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. बॅग सकाळपासूनच गाडीत होती. हॉलमध्ये तो आला होता तो वाटेत खायला बिस्किटं भरून घ्यायला.

शेवटी विचारलं, “तुमच्या त्या हेल्मेटात बाहेरगावच्या माणसाची चिठ्ठी चालते का?”

चालते, म्हटलं.