आईसाठी पुडिंग, ओहायोत

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून डायरी. डॉक्टर म्हणतो ब्लडप्रेशर वाढलंय, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मला राग येत नाही. लोक मूर्ख आहेत, एवढंच.

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डहून रसेलचा फोन. आई पुन्हा जिन्यावरून घसरली. मोडलं काही नाही, पण आता तिला एकटीला ठेवता येणार नाही म्हणे. त्याने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहे, जानेवारीपासून. माझी आई! तिथे दुपारी चारला जेवायला घालतात आणि वर हिरवी जेली देतात. मी म्हणालो, आई इथे येईल, ओहायोला, माझ्याकडे, कायमची. धाकटा भाऊ हसला. म्हणाला, अमेरिकेत खायला काही मिळत नाही म्हणून जी बाई आजवर साधी भेटीला आली नाही, ती राहायला येणार?

लगेच आईला फोन केला. तिने नेहमीचंच विचारलं, तुम्ही तिकडे खाता तरी काय रे? मी ठणकावून सांगितलं, जे तिथे मिळतं ते सगळं इथे मिळतं. सगळं. ये, ये म्हणून गळ घालणं माझ्या स्वभावात नाही. समजायचं ते समजते ती.

१४ ऑक्टोबर
आईचा होकार! नाताळला येते आहे. पाच जानेवारीचं परतीचं तिकीट आहे, पण मन रमलं तर राहीन म्हणाली. माझं बोलणं मोजकं असतं, पण लागू पडतं. बायकोला, डार्लीनला, हे सांगितलं तर ती नुसती हसली. अमेरिकन बायका कशालाही हसतात.

मन रमणं म्हणजे काय, तर नाताळचं जेवण. ते घरच्यासारखं झालं की आई राहिली. संकल्प: सगळं अस्सल.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सुपरमार्केट. संताप. ब्रेड गोड. सॉसेज गोड. कोशिंबिरीवर ओतायचं पाणीसुद्धा गोड. बेकन म्हणजे नुसत्या चरबीच्या नाड्या, मांस शोधावं लागतं. चहाच्या एका खोक्यावर राणीच्या रक्षकाचं चित्र. आत जे आहे ते राणीच्या घोड्यानेही प्यायलं नसतं.

कस्टर्ड पावडर कुठे आहे विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, तुमचं बोलणं किती गोड आहे, पुन्हा म्हणा ना. पुन्हा म्हणालो. तिने मैत्रिणीला बोलावलं. तिच्यासाठी पुन्हा म्हणालो. कस्टर्ड पावडर नाही ती नाहीच.

घरी आलो तर डार्लीनने माझ्यासाठी चहा केलेला. पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवून. संसाराला किती वर्षं झाली! बोललो नाही. इथे लिहितो आहे.

२६ ऑक्टोबर
इंटरनेटवरून कस्टर्ड पावडर, संत्र्याचं मार्मालेड आणि चहा मागवला, तो आला. डार्लीन म्हणते, तिथेच तयार पुडिंगही मिळतंय, मागव आणि मोकळा हो. तयार पुडिंग! नाताळचं पुडिंग माझ्या आईने जन्मात कधी विकत आणलं नाही. पाच आठवडे आधी करून मुरत ठेवायचं असतं ते. मनुका, बेदाणे, काळी साखर, ब्रँडी. नाताळच्या दिवशी दिवे मालवून बाबा वरून ब्रँडी ओतत, काडी लावत आणि ती निळी ज्योत बघत आम्ही सगळे गप्प बसायचो. टेबलाखाली आमचा कुत्रा बॅजर माझ्याच पायाशी येऊन बसायचा. रसेलच्या नाही, माझ्या. कुत्र्याला माणूस कळतो. गुबगुबीत, प्रेमळ जनावर होतं.

मी डोळे मिटले की अजून ती चव जिभेवर येते.

२ नोव्हेंबर, रविवार
एकच वस्तू अडली आहे. सुएट. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची पांढरी कडक चरबी. त्याशिवाय पुडिंग म्हणजे नुसता केक. हडर्सफील्डमध्ये कुठल्याही दुकानात किसलेलं मिळतं.

रसेलला म्हटलं, पोस्टाने पाठव. तो म्हणाला, तिकडे मांसाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, उगाच मला पकडून देशील. स्वतःच्या आईसाठी एवढं होत नाही.

खाटकाकडे गेलो. तो म्हणाला, ती चरबी आम्ही फेकून देतो, गुरुवारी या, बाजूला काढून ठेवतो. फेकून देतो! मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानेही मला सुनावले. आता गुरुवारी त्या माणसाच्या दारात जाणं शक्य नाही. इंग्रज माणसाला स्वाभिमान असतो.

९ नोव्हेंबर
मिळालं! सुएट मिळालं! आणि कुठे, तर घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात. खिळे आणायला गेलो होतो, समोर मोठ्या अक्षरांत सुएट. चौकोनी वड्या. ठेवलं होतं पक्ष्यांच्या खाद्याच्या फडताळावर. या देशाचं अज्ञान बघा. ज्या वस्तूवर आमच्या पिढ्या पोसल्या ती हे चिमण्यांना घालतात. काही वड्यांत बिया होत्या. त्या मी अर्थातच घेतल्या नाहीत. मी काय वेडा आहे? बिनबियांची घेतली. पाकिटावर पळत सुटलेल्या खारीचं चित्र आहे. यांना प्रत्येक गोष्टीवर कार्टून लागतं.

डार्लीन म्हणाली, हनी, हे पक्ष्यांचं आहे. मी म्हणालो, चरबी ती चरबी. ती म्हणाली, निदान पाकीट तरी वाच. मी सांगितलं, इंग्रजी आमची भाषा आहे, तुम्हाला ती आम्ही दिली, आम्हाला वाचायला शिकवू नका. पाकीट फाडून फेकून दिलं.

चरबी जरा लालसर दिसते. इथल्या गाईंना काय चारतात देव जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
पुडिंग ढवळायचा रविवार. घरातल्या प्रत्येकाने एकेकदा डाव फिरवायचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि मनातल्या मनात इच्छा मागायची. फोनवर होकायंत्र लावून पूर्व नक्की केली. डार्लीनने उलटं फिरवलं. मी ओरडलो. मग तिने सुलटं फिरवलं. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, हे सगळं एकदाचं संपू दे.

मी काय मागितलं ते लिहीत नाही. लिहिलं की फळत नाही. वरची खोली रंगवून घेतली आहे आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे, एवढंच लिहितो.

पुडिंग दिवसभर वाफेवर होतं. वाफेने डोळे चुरचुरले, खोकला आला. अस्सलपणाची खूण. डार्लीन सगळ्या खिडक्या उघडून अंगणात जाऊन बसली. चव मात्र घेतली नाही. पुडिंग नाताळच्या आधी चाखत नाहीत.

१७ डिसेंबर, बुधवार
आई आली. फार लहान झाली आहे. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून आली, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर जाड झालास. मग डार्लीनला मिठी मारली. आणि डार्लीन तिला चक्क विनी म्हणते! माझ्या आईला, नावाने! मी बाजूला घेऊन झापलं तर म्हणाली, आईंनीच सांगितलंय तसं म्हणायला. कधी सांगितलं? आत्ताच तर भेटल्या दोघी.

१९ डिसेंबर
सकाळी आईसाठी मार्मालेड लावलेला टोस्ट आणि खराखुरा चहा ठेवला. खाली येऊन बघतो तर आई पॅनकेक खाते आहे. त्यावर मेपल सिरप. त्याच ताटात बेकन. बेकनलाही सिरप! मी म्हणालो, आई, मनाविरुद्ध खाऊ नकोस. ती म्हणाली, जेफ्री, बाजूला हो, सिरप दे इकडे.

बिचारी. सुनेचं मन मोडवत नाही तिला.

२१ डिसेंबर, रविवार
पीनट बटर. बरणीतून. चमच्याने. हडर्सफील्डमध्ये ही बाई दुसरं बिस्किट घ्यायला लाजायची.

२२ डिसेंबर
बाहेर बर्फ पडतो आहे आणि माझी आई गार चहा पिते आहे. बर्फ घातलेला. गोड. आणि वर म्हणते, आम्हाला हे इतकी वर्षं कसं सुचलं नाही गं? मी गॅरेजमध्ये जाऊन थोडा वेळ गाडीत बसलो.

हरकत नाही. ही सगळी प्रवासाची गुंगी आहे. पुडिंगचा पहिला घास पोटात गेला की ताळ्यावर येईल.

२५ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळ
घडलं तसं लिहितो. जेवण उत्तम झालं. टर्की, भाजलेले बटाटे, सगळं. आईच्या डोक्यावर आमच्याकडच्या नाताळच्या रिवाजाचा कागदी मुकुट होता, फार गोड दिसत होती. मी दिवे मालवले, पुडिंगवर ब्रँडी ओतली, काडी लावली. निळी ज्योत. बाबांची आठवण आली.

पहिला घास आईने घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, आई, आपलं घर आठवलं ना? तिला बोलवेना. चेहरा लाल झाला. मी डार्लीनला म्हणालो, बघ, याला म्हणतात चव. एवढ्यात आईने दुसऱ्या हाताने माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून घटाघटा प्यायला. मग फुलदाणीकडे बघायला लागली.

मग मी घास घेतला.

तिखट. तिखट म्हणजे जीभ कापून ठेवावी असं. डार्लीनने आईला दूध आणून दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, ती चरबी मिरची घातलेली होती. पक्ष्यांना मिरची लागत नाही, खारींना लागते, म्हणून खारींनी दाणे पळवू नयेत यासाठी घालतात. पाकिटावर लिहिलं होतं.

हे मला आधी सांगायला काय झालं होतं या बाईला?

२६ डिसेंबर
काल राग इतका होता की पुढचं लिहिलं नाही. आज लिहितो.

आई हसायला लागली. इतकी हसली की मुकुट पडला. म्हणाली, जेफ्री, पुडिंग मला जन्मात आवडलं नाही. तुझ्या बाबांना लागायचं म्हणून करत आले. ते गेल्यावर पहिल्या नाताळला मी आनंदाने एक सफरचंद खाल्लं. मी म्हणालो, पण आम्हाला मुलांना तर आवडायचं! ती म्हणाली, रसेलला आवडायचं. तू एक घास कधी गिळला नाहीस. रुमालात धरून टेबलाखाली कुत्र्याला घालायचास. तुला वाटायचं मला दिसत नाही.

साफ खोटं. वय झालं की माणसं काहीबाही बोलतात.

मग मी म्हणालो, ठीक आहे, जेवण फसलं, आता तू रसेलच्या त्या आश्रमात जाणार. आवाज चढला होता माझा. तेव्हा तिने पडलेला मुकुट उचलून टेबलावर ठेवला. म्हणाली, खाण्याचं घेऊन काय बसलास? तिकडे मी उभ्या उभ्या सिंकपाशी टोस्ट खाते. एकटीसाठी कोण ताट मांडतं? इतकी वर्षं तू फोनवर मला इथे काय काय मिळतं ते सांगत राहिलास. ये, असं एकदाही म्हणाला नाहीस. ऑक्टोबरात डार्लीनचा फोन आला, ती म्हणाली, विनी, या ना, आम्हाला हव्या आहात तुम्ही. म्हणून आले.



मी म्हणालो, आई, राहा. एवढंच म्हणालो. घसा अजून मिरचीने धरला होता. ती म्हणाली, राहते. पण एक अट आहे. या घरात स्वयंपाक तू करायचा नाहीस.

१ जानेवारी
तिकीट रद्द केलं. रसेलला कळवलं. या वेळी हसला नाही, थँक्यू म्हणाला. थँक्यू कसलं? माझी योजनाच होती. पुडिंग ढवळताना त्या रविवारी मागितलं होतं ते मिळालं, तेव्हा पुडिंग लागू पडलं असंच म्हणावं लागेल.

उरलेलं पुडिंग अंगणात ठेवलं. लाल पक्षी तुटून पडले आहेत. कोणीतरी कदर करणारं निघालं. आई आणि डार्लीन खिडकीतून ते बघत पॅनकेक खात होत्या. मलाही दिले. नाइलाजाने खाल्ले. सिरप थोडं जास्त घ्यावं लागलं, कोरडे होते म्हणून.

कुत्र्याची ती गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आईचा निव्वळ गैरसमज आहे. बॅजर माझ्या पायाशी प्रेमापोटी बसायचा.

जनावरांच्या डॉक्टरने एकदा बाबांना विचारलं होतं, हा दरवर्षी नाताळातच एवढा का फुगतो?