सर म्हणाले, राहू दे

प्रिय ताई,

तू, मी आणि चित्रकलेच्या तासाला जीव मुठीत धरून बसणारी ती सगळी पोरं, आपली सरांबद्दल एकच तक्रार होती. हेडमास्तरांच्या मुलीलासुद्धा त्यांनी कधी ‘छान’ म्हटलं नाही. गाणं असो वा चित्र, फार तर दोन शब्द: ‘राहू दे.’

सर गेल्याचं तुला कळलंच असेल. शनिवारी शाळेत त्यांची शोकसभा आहे आणि मुख्य भाषण माझं. मी ताबडतोब हो म्हटलं. व्यासपीठ दिसलं की माझी जीभ थांबते कुठे! आता चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आहे आणि ‘मित्रहो’च्या पुढे एक ओळ सरकत नाही.

काल शाळेतल्या त्यांच्या खोलीत जाऊन आले. गाणं आणि चित्रकला दोन्हींची ती एकच खोली, अजून तशीच. खिडकीत पाण्याची बरणी. आठवतं, ब्रशच्या दांडीनं तिच्यावर हलकेच ठोकून ते आपल्याला सूर द्यायचे? पाणी गढूळ झालं की म्हणायचे, “जा गं, सूर बदलून आण.” मी गायला लागले की मात्र दुसऱ्याच ओळीला हात वर: “तोफखाना, राहू दे.” सगळा वर्ग खिदळायचा. त्या ‘राहू दे’चा अर्थ ‘बस कर बाई’ हाच होता, त्यात मला आजही शंका नाही.

शिपाईमामांनी खालचा खण ओढला. आत नाडीनं बांधलेला एक गठ्ठा. म्हणाले, “बाकीची चित्रं सर पाठकोऱ्या बाजूनं वापरायचे, ब्रश पुसायचे. स्वतःचीसुद्धा फाडली. ह्याला मात्र हात लावू द्यायचे नाहीत.” सतरा चित्रं निघाली, ताई. सगळ्यात वर तुझं: आपलं स्वयंपाकघर, खिडकीशी पाठमोरी आई, खांद्यावरून सुटलेला पदर. आणि मागे पेन्सिलीनं, सरांच्या अक्षरात, ‘राहू दे’.

मी तिथेच स्टुलावर बसले. हे त्यांनी चित्र हाती आलं त्याच दिवशी लिहिलं, की तू वर्गात यायची बंद झालीस तेव्हा, मन खात होतं म्हणून? पुसू नका, असंच राहू दे, असं होतं का ते? की नुसतंच, राहू दे माझ्याकडे? मामांना विचारलं, तर म्हणाले, “मला काय ठाऊक, बाई? सर बोलायचेच किती!”

माझी मोठी अडचण वेगळीच आहे. एका शिक्षकाच्या दोन शब्दांनी एका मुलीचा हात कायमचा थांबला, ही गोष्ट मी किती सभांमधून सांगितली आहे! नाव न घेता सरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि टाळ्या घेतल्या. तुला कधी विचारलंही नाही. आणि ते शब्द तू सरांच्या तोंडून ऐकलेच नव्हतेस.

तुला गोवर झाला होता. स्पर्धेसाठीचं तुझं हेच चित्र घेऊन मी सरांकडे गेले होते. सरांनी ते खिडकीशी धरलं, खूप वेळ पाहिलं आणि ते दोन शब्द म्हणाले. मी पळत घरी आले. तू अंथरुणात उठून बसलीस, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “सर म्हणाले, राहू दे.” तू भिंतीकडे तोंड केलंस. माझे हात रिकामे होते, चित्र कुठे आहे हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तू टायपिंगचा क्लास लावलास.

मी ते कसं म्हटलं, ताई? हात उडवून? वर्गात सर मला म्हणायचे तसं? काल रस्त्यानं येताना ते दोन शब्द मी नाना तऱ्हांनी म्हणून पाहिले. माझा सगळा जन्म आवाजाच्या चढउतारावर गेला आणि नेमका तोच एक सूर मला आठवत नाही. सरांचाही नाही, माझाही नाही. तुला मात्र माझा आठवत असणार.

म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी दहाला शाळेत ये. माझ्या आधी तू उभी राहा, चित्र हातात घे आणि मागचे दोन शब्द मोठ्यानं वाच, मी त्या दिवशी म्हटले होते अगदी तसे. माझं भाषण त्यानंतर ठरेल.

तुझीच,
निरोप आणणारी