तिसऱ्या शिक्षकाची जागा

कडाव, ता. कर्जत
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय अक्षय सर,

सविनय नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असावी. पोलादपूरच्या डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी मला वाक्ये सुचत नाहीत. म्हणून लिहिते आहे. इकडे हळवे भात कापणीला आले. तुम्ही लावलेला कढीपत्ता मुलांनी पार ओरबाडला, तरी जगला आहे.

बातमी अशी की, आपल्या शाळेचा पट एकसष्ट झाला. गेल्या वर्षी तो साठावर अडला, एका मुलाने कमी पडला म्हणून तिसऱ्या शिक्षकाचे पद गेले आणि तुम्ही ‘अतिरिक्त’ ठरून तिकडे गेलात. म्हणून यंदा जूनपासून मी मुले मागत घरोघर फिरले. मी, जिला लहानपणी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करवत नसे.

भिवाजीकाका पडवीतूनच म्हणाले, “धाव्वीला पयली आलीस, तरी इथंच मास्तरीण हायेस. इंग्लिश शाळेत असतीस तं इमानात फिरली असतीस, नाय का गं?” दुसऱ्या दिवशी गोष्टीचे पुस्तक घेऊन गेले, त्यांच्या दोन नातवंडांना वाचून दाखवले आणि शेवट राखून ठेवला. तो ऐकायला दोघेही शाळेत आले, टिकले.

हवाबीचाचींनी मात्र मला पुरते ओळखले. नातीचे, फिझाचे, नाव घालायला गेले तर म्हणाल्या, “इंग्लिश शाळेची गाडी दारात येते. तुमची येते का गं?” मी म्हटले, “मी येईन.” तेव्हापासून रोज फिझाला हात धरून शाळेत आणते. परवा चाचींनी विचारले, “एवढी पायपीट शाळेसाठी करतेस का त्या मास्तरासाठी?” मी फिझाची रिबीन बांधत राहिले.

मोठे सर म्हणतात, पद पुन्हा मिळेल, जागा बदलीच्या यादीत येईल. “अक्षयला कळव, अर्ज कर म्हणावं.”

पण काल तुमचे गणपतीतले पत्र पुन्हा वाचले. तिथे शिक्षक तुम्ही दोघेच. सोबतच्या बाई निवृत्त होणार. ओढा उतरून येणारी ती मुले आता कुठे जोडून वाचू लागली आहेत. तुम्ही निघालात तर त्यांच्यासाठी कोण दारोदार फिरेल? अर्ज करा, असे लिहायला बसले होते. ते लिहवत नाही. करू नका, हेही लिहवत नाही.

तुमच्या वर्गाची तिसरी खोली मी रोज उघडते, झाडते, फळ्यावर तारीख लिहिते. फिझा विचारते, “बाई, हितं कोण शिकवणार?”

आजवरच्या प्रत्येक पत्रात ‘मुले तुमची आठवण काढतात’ असे लिहीत आले. या पत्रात मुलांचे नाव पुढे करीत नाही.

तुमची आठवण काढणारी,
श्रद्धा